कळसूबाईच्या उंचीवर गाडी लावून

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. महाराष्ट्र त्याच्या वर जात नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्या दक्षिण अंगावर पॅराडाइझ नावाची जागा आहे. तिची उंची ५,४०० फूट. मीटरमध्ये करून पाहिलं तर पुन्हा १,६४६. तिथे गाड्या लावायची सोय आहे. म्हणजे आपलं राज्य जिथे संपतं, तिथे इथले लोक हँडब्रेक ओढतात, थर्मासमधला चहा ओततात आणि स्कीचे बूट चढवायला घेतात. सिएटलकडच्या ज्या मराठी माणसाने कळसूबाई केल्याच्या गोष्टी ऑफिसात रंगवून सांगितल्या असतील, त्याने हा आकडा शक्यतो बघू नये.

स्की-टूरिंग हा खेळ कुठल्याच हिशेबात बसत नाही. याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला क्रिस्टल माउंटनवर पैसे भरले की खुर्चीत बसवून वर नेतात. दिवसभर पाहिजे तितक्या वेळा घसरा. पॅराडाइझहून मात्र पाच-सहा तास स्वतःच्या पायांनी चढायचं, १०,१८८ फुटांवरच्या कँप म्यूरपर्यंत, आणि कमावलेली सगळी उंची तासाभरात उधळून खाली यायचं. आई पुण्याहून फोनवर विचारते, "वर देऊळ आहे का रे?" नाही. "मग किल्ला?" तोही नाही. वर शंभर वर्षांपूर्वीच्या दगडी खोल्या आहेत आणि संडास आहेत. "मग जाता कशाला?"

उतरण्यासाठी, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. तासाभराच्या सुखासाठी पहाटे तीनला उठणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात पाहिलेली नाहीत. माझा संशय असा की या लोकांना चढायचंच असतं. नुसतं चढतो म्हटलं तर बरं दिसत नाही, म्हणून पायांना स्की बांधतात.

कारण चढण्यातच खरी गंमत भरलेली आहे. स्कीच्या तळाला 'स्किन्स' नावाच्या लांब पट्ट्या चिकटवायच्या. पूर्वी त्या खरोखर सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर लोकर आणि नायलॉनच्या असतात. त्यांची लव एकाच दिशेला झुकलेली. सह्याद्रीत मोज्यात शिरलेलं कुसळ जसं पुढेच सरकतं, मागे यायचं नाव घेत नाही, तशी ही स्की बर्फावर वागते. टाच मोकळी, चवडा अडकवलेला. चढ वाढला की बाइंडिंगचा छोटा टेकू टाचेखाली उभा करायचा. डोंगर तेवढाच राहतो, पण पोटऱ्यांची समजूत निघते. वळणावर मात्र एक स्की उचलून उलट दिशेला ठेवावी लागते आणि क्षणभर डावा पाय सिएटलकडे, उजवा ओरेगनकडे अशी अवस्था होते. त्या क्षणी माणूस फार नम्र असतो.

कँप म्यूरची वाट सरळ हिमनदीवरून जात नाही. एका बाजूला निस्क्वाली आणि दुसऱ्या बाजूला पॅराडाइझ या हिमनद्या ठेवून मधल्या हिमपठारावरून जाते. ऊन असेल तर लहान मूलही चुकणार नाही. पण ढग उतरला की वर-खाली, बर्फ-आकाश सगळं एकाच रंगाचं होतं आणि माणसं भेगांनी भरलेल्या हिमनद्यांकडे भरकटतात. म्हणून राष्ट्रीय उद्यानाने या वाटेचे होकायंत्राचे अंश छापून ठेवले आहेत. शिवाय प्रत्येकाच्या छातीवर ट्रान्सीव्हर. हिमस्खलनात कोणी गाडला गेला तर इतरांनी त्याच्या यंत्राच्या संकेतावरून शोधायचं, लांब काठी खुपसून खोली बघायची आणि फावड्याने उकरायचं. सकाळी एकमेकांची यंत्रं तपासताना मी सोबत्याकडे नेहमी जरा वेगळ्या नजरेने बघतो. माणूस गप्पांना चांगला आहे, पण उकरायला?

आणि हे सगळं ज्वालामुखीच्या अंगावर. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी याच्या माथ्याचा मोठा भाग कोसळून जो चिखल सुटला, तो थेट प्यूजेट साउंडच्या खाडीपर्यंत पोचला. आजही पायथ्याच्या ऑर्टिंग गावात शाळेची मुलं भोंगा वाजला की उंचावर चालत जायचा सराव करतात. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण त्याने आपलं काम साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उरकून टाकलं आणि नंतर कुणाला त्रास दिला नाही.

नावाचाही एक किस्सा आहे. स्थानिक लोक या डोंगराला तहोमा म्हणत. १७९२ साली कप्तान व्हँकूव्हरने आपल्या मित्राचं, पीटर रेनियरचं नाव त्याला दिलं. रेनियरने हा डोंगर कधीच पाहिला नाही. उलट १७९४ ते १८०५ तो हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख होता. आपल्याकडचा समुद्र त्याने पाहिला आणि त्याचा डोंगर मला चढावा लागतोय.

कँप म्यूरला ज्यांचं नाव मिळालं, त्या जॉन म्यूर यांनी १८८८ साली इथे जमिनीवर प्यूमिसचे हलके खडे पडलेले पाहिले. खडे उडून गेले नाहीत, म्हणजे इथे वारा कमी असणार, असा त्यांचा अंदाज. मी तिथे टोपी हाताने धरूनच डबा खातो.

वर पोचल्यावर लगेच उतरायचं नसतं. रात्री गोठलेला बर्फ उन्हाने वरून बोटभर सैल झाला की वसंतातला दाणेदार 'कॉर्न' तयार होतो. लवकर निघालात तर काच, उशिरा निघालात तर लापशी. त्यामुळे सगळे टाचेने बर्फ उकरत, घड्याळ बघत बसतात. चढण्याची घाई असलेले हेच लोक उतरण्याची घाई करत नाहीत, हा माझ्या संशयाला आणखी एक पुरावा.

उतरणं छान झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

वरून दक्षिणेला अॅडम्स, हूड आणि १९८० साली स्वतःचा चारशे मीटर माथा उडवून बसलेला सेंट हेलेन्स दिसतो. या सेंट हेलेन्सवर मे महिन्यातल्या मातृदिनी बाया आणि बाप्ये झगे घालून चढतात आणि स्कीवरून उतरतात. जुनी प्रथा आहे. परतताना सोबत्याने प्रस्ताव मांडला की आपण नऊवारी नेसू. पाचवारीत ते वळण घेणं अशक्य, काष्ट्यात सहज जमेल, हे आम्हा दोघांना तत्काळ पटलं. पदर बाइंडिंगमध्ये अडकू नये म्हणून कुठे खोचायचा, यावर गाडीत अर्धा तास गेला. शेवटी त्याने वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सुती नेऊ नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. आणि रेशमी मी देणार नाही."