साडी, स्कार्फ आणि सव्वाआठची फास्ट

महाराष्ट्रातली नोकरदार बाई रोज काय घालायचे हे स्वतः ठरवते, अशी एक अफवा फॅशनच्या पुरवण्यांनी पसरवून ठेवली आहे. प्रत्यक्षात मुंबईत ते रेल्वे ठरवते, पुण्यात दुचाकी, नागपुरात ऊन आणि तालुक्याच्या गावी सासूबाईंची मैत्रीण. यातूनही बाईला काही मोकळीक उरलीच, तर शासन परिपत्रक काढते.

कल्याणहून सव्वाआठची फास्ट पकडणाऱ्या बाईकडे कडक इस्त्रीच्या सुती साड्या नसतात असे नाही. असतात, कपाटात. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली की इस्त्री ठाण्यापलीकडे टिकत नाही, म्हणून रोजच्याला चुरगळत नाही ती कुर्ती आणि लेगिंग. ओढणी इथे जवळपास नामशेष झाली आहे. दादरला ओढणी आधी उतरते आणि मालकीण कुर्ल्याच्या बायकांत अडकून राहते, हा अनुभव एकदा पुरतो. उंच टाचांची सँडल असतेच, पण तिचा मुक्काम ऑफिसच्या टेबलाखाली. प्रवासात चपटी चप्पल, पावसाळ्यात प्लास्टिकची.

पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष लोकल सुरू केली आणि पुढे ती विरारपर्यंत नेली. फॅशनच्या इतिहासात या गाडीची नोंद नाही, हा इतिहासकारांचा आळस. अंधेरीला फेरीवालीकडून घेतलेले कानातले वांद्र्याला कानात असते आणि चर्चगेटला ऑफिसात त्याची चौकशी सुरू होते. एवढी चपळ पुरवठा-साखळी मिलानलाही जमलेली नाही.

आणि नवरात्र! वीसेक वर्षांपूर्वी ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली. त्याला कुठल्या पुराणाचा आधार आहे, हे विचारण्याच्या फंदात कुणी पडले नाही. आज राखाडीच्या दिवशी बँकेच्या काउंटरवरच्या सगळ्या जणी राखाडी, हिरव्याच्या दिवशी लेडीज डबा म्हणजे पोपटांचा थवा. मोरपंखी आणि आकाशी यांतला फरक न कळणारी एखादी नवखी चुकून निळ्यात आली, तर फोटोत तिला मागच्या रांगेत उभे करतात. याउलट आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे राज्य शासनाने डिसेंबर 2020 च्या परिपत्रकात सांगितले. पाठीशी सगळी प्रशासकीय यंत्रणा होती, तरी शुक्रवारी मंत्रालयात खादी शोधावी लागते. शासनाने पुढच्या वेळी हे काम वर्तमानपत्राकडे द्यावे.

गाडीतून उतरून बाई वांद्रे-कुर्ला संकुलात शिरली की घाम पुसता पुसता कुडकुडू लागते. तिच्या खुर्चीच्या पाठीवर बारमाही एक शाल किंवा स्टोल लटकलेला असतो. रंग उडालेला, कडेला चहाचा डाग, आणि कुठल्याच कपड्यावर न जाणारा. हा मुंबईच्या कॉर्पोरेट स्त्रीचा सर्वाधिक वापरला जाणारा कपडा, पण एकाही मासिकाने त्याचा फोटो छापलेला नाही. या कुडकुडण्यामागचे कारण 2015 साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आले होते. ऑफिसातल्या तापमानाची प्रमाणके बेतताना चाळीस वर्षे वयाचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष गृहीत धरलेला होता. तर त्या गृहस्थांना उकडू नये म्हणून जगभरच्या बायका शाल पांघरून बसल्या आहेत.

पुण्यातल्या बाईची फॅशन बघायची तर आधी तिला सोडवावे लागते. स्कार्फ हनुवटीखालून नाकावर, तिथून कपाळावर आणि मानेमागे गाठ. वर गॉगल, कोपराच्याही पुढे जाणारे हातमोजे आणि सनकोट. आत पैठणी आहे की पायजमा, हे गाडी स्टँडवर लागेपर्यंत सख्ख्या नवऱ्यालाही सांगता येणार नाही. हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढणाऱ्या या शहरात स्कार्फची सक्ती कुणी केलेली नाही, म्हणूनच ती इतकी काटेकोर पाळली जाते.

स्कार्फ सुटल्यावर मात्र पुण्यात दोन जाती दिसतात. हिंजवडीत कुर्ती, जीन्स आणि गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. कर्वे रस्त्याच्या बाजूला हातमागाची साडी, खणाचा ब्लाऊज, ऑक्सिडाइज्ड दागिने आणि बंद्या रुपयाएवढी टिकली. ही दुसरी बाई प्राध्यापक असते, संस्थेत काम करते किंवा नाटकाला आलेली बँक मॅनेजर असते. साधेपणाचा हा गणवेश बऱ्यापैकी महाग पडतो.

नागपूरचे आवरते घेऊ, कारण मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर फॅशनची चर्चा क्रूरपणाची ठरते. उन्हाळ्यात कांदा जवळ बाळगला की ऊन लागत नाही, असे विदर्भात सांगतात. पण लेडीज कुर्त्याला खिसा कुठे असतो?

खरी कडक परीक्षा तालुक्याच्या गावी. बदली होऊन आलेली बँक अधिकारी पहिल्या दिवशी शर्ट-पँटमध्ये येते, दुसऱ्या दिवशी कुर्त्यात, आठवड्याने ओढणीसह. तिला कुणी एका शब्दाने बोललेले नसते. फक्त पीककर्जासाठी आलेले काका तिच्याकडे बघून शेजारच्या क्लार्कला विचारतात, “साहेब नाहीत का?” ती साडी नेसून आली की तेच काका तिला मॅडम म्हणतात आणि सातबारा तिच्यासमोर ठेवतात. मंजुरीचे अधिकार दोन्ही दिवशी सारखेच असतात.

आता राहिल्या शिक्षिका. त्यांच्यासाठी 15 मार्च 2024 चा शासन निर्णय आहे. साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. गडद रंग नको, नक्षी नको, प्रिंट नको, जीन्स-टीशर्ट तर नकोच. पुरुषांचे शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला, एवढ्यावर भागले. हा निर्णय लिहिणाऱ्याने साडीच्या दुकानाची पायरी कधी चढलेली नसावी. काठाला नक्षी, पदराला नक्षी, अंगभर बुट्टे. महाराष्ट्र ज्या पैठणीवर मिरवतो तिच्या पदरावर तर मोर नाचतात. फिक्या रंगाची, बिननक्षीची, बिनप्रिंटची साडी दाखवा, असे एखाद्या शिक्षिकेने म्हणून पाहावे. दुकानदार गादीवरचा ढीग वरून खाली दोनदा उलथतो, डोके खाजवतो आणि पोऱ्याला हाक मारतो, “अरे, बाईंना अस्तराच्या काउंटरवर घेऊन जा.”