विहीणबाईंची शेगडी

(दिल्लीच्या द्वारकेतले डीडीएचे तळमजल्याचे फ्लॅट. जानेवारीतलं कोवळं ऊन. दोन अंगणांमध्ये जाळी. अलीकडे मेथी निवडणाऱ्या काकू, पलीकडे दुपटी वाळत घालणाऱ्या वहिनी.)

"काय गं, पेढे की बर्फी?"

"बर्फी, काकू! पण आधी आमच्या विहीणबाईंचं ऐका. सुनेला इतका प्रवास झेपायचा नाही, म्हणून त्याच कराडहून आल्या. गोवा एक्सप्रेसनं. सामानात काय असावं? ओवा, डिंक, बाळंतशेपा आणि लोखंडी शेगडी!"

"दिल्लीत मिळत नाही होय? इथं चौकीदारापुढेसुद्धा अंगीठी असते."

"तेच म्हटलं. तर म्हणतात, तुमची ती अंगीठी, आमची ती शेगडी."

"बरं, कळा कधी सुरू झाल्या?"

"रात्री दोनला. सगळ्या कंबरेत. पोरीला बसवेना, उभं राहवेना. मी आपली देवापुढे. विहीणबाईंनी मात्र रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, पंच्यात गुंडाळली आणि माकडहाडाच्या वर धरली. कळ आली की दाबायच्या, ओसरली की चोळायच्या. हॉस्पिटलातही तेच."

"तिथं चालू दिलं?"

"केरळची सिस्टर होती. म्हणाली, धरा, धरा. बाईला हवं असेल तर शेक द्या, चोळून द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 सालीच सांगितलंय. विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही ती संघटना कराडातच आहे!"

"पण शेकानं कळा थांबत नाहीत ना?"

"थांबून कसं चालेल? कळ तेवढीच येते, पण सोसवते. उबेची नि हाताची वर्दी मेंदूकडे निघाली की दुखण्याच्या वर्दीला मणक्यातच वाट अपुरी पडते, असं सिस्टर म्हणाली. आणि शेवटी..." (आवाज खाली) "बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर तिनं गरम पाण्यात पिळलेली घडी खाली धरली. मोठी चीर पडायचा धोका कमी होतो म्हणे."

"अगं बाई! आमच्या वेळी आईलासुद्धा आत घेतलं नव्हतं."

"एक मात्र तिनं बजावलं. कंबरेत बधिर करायचं इंजेक्शन घेतलं, तर तिथं पिशवी नको. चटका बसला तरी कळायचा नाही."

"आणि शेगडी?"

"घरी आल्या आल्या काढली! खिडक्या लावा, बाजेखाली ठेवते म्हणाल्या. मुलगा आडवा आला. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, अशा बातम्या इथं दर हिवाळ्यात येतात. निखाऱ्यांतून निघतो त्या वायूला ना वास, ना रंग. कराडच्या कौलारू घरात धुराला वाट होती, फ्लॅटला फट कुठली?"

"रुसल्या असतील."

"तासभर. मग पुन्हा तीच रबरी पिशवी. खरं सांगू काकू? त्या रात्री सकाळपर्यंत त्यांनी लेकीच्या कंबरेवरचा हात काढला नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत असा हात कुणी ठेवला नव्हता. हेवाच वाटला मला."

(काकूंचा मेथी निवडता हात थांबतो.)

"मग आता शेगडी कुठंय?"

"ती काय, अंगणात. संध्याकाळी उघड्यावर वांगं भाजतेय भरताला."

"अगं, बाळंतिणीला वांगं?"

"बाळंतिणीला नाही हो. विहीणबाईंना!"