शून्य-ते-झेडवाला

संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात एक तरी शून्य-ते-झेडवाला असतोच. सहसा तिसऱ्या बाकावर, चार रंगांची पेनं बाळगून. स्वभावाने गरीब, अभ्यासाला वाघ. इंटिग्रेशन बाय पार्ट्स म्हटलं की बाह्या सरसावतो. त्याचं वाकडं आहे ते फक्त लिमिट्सशी. इंटिग्रलच्या चिन्हाला खाली-वर काहीतरी लावायची रीत आहे म्हणून तो लावतो, देवाला हळदकुंकू लावावं तसं.

ही खोड त्याला लागते कुठे, ते सांगतो. दोन रँडम व्हेरिएबल्सच्या बेरजेचं सुरुवातीचं सोडवलेलं गणित बहुधा एक्स्पोनेन्शियलचं असतं. तिथे दोघंही शून्याच्या पुढे मोकाट, त्यामुळे बेरजेची डेन्सिटी काढताना ‘शून्य ते झेड’ हेच बरोबर. उत्तर गॅमा येतं, गुण पैकीच्या पैकी पडतात. तेव्हापासून गडी हटत नाही.

मग युनिफॉर्मची पाळी येते. एक्स आणि वाय, दोघंही ० ते १ या हद्दीतले, एकमेकांशी देणंघेणं नसलेले. त्यांची बेरीज १.५ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता काढा. मी म्हणतो, “अरे, आधी आकृती काढ.” आकृती काढली की इंटिग्रेशनची गरजच उरत नाही. एक बाय एकचा चौरस, त्याचा वरचा उजवा कोपरा तिरक्या रेघेने उडतो, उडालेला त्रिकोण १/८ चा, उरले ७/८. पण आकृती काढणं त्याला कमीपणाचं वाटतं.

“सर, डायरेक्ट करतो ना!”

आणि करतो. एक्स ० ते १.५, वाय ० ते १.५ वजा एक्स. एक्स मुळात १ च्या पुढे जातच नाही, हे प्रश्नात ढळढळीत छापलेलं असतं. पण प्रश्न उतरवून झाला की त्याच्या लेखी तो संपला. सुवाच्य अक्षरात पानभर मांडणी, शेवटी लाल पेनने दुहेरी चौकट (हा एकच चौकोन तो हौसेने काढतो) आणि आत उत्तर: ९/८.

“अरे, संभाव्यता एकापेक्षा जास्त?”

तो जरा विचार करतो. “म्हणजे सर, होणारच नक्की.”

चौरसाच्या बाहेर दोन टोकांना लोंबणारे १/८ चे दोन त्रिकोण मी बोट ठेवून दाखवतो. ते वजा केले की ७/८ उरतात, हेही दाखवतो. तो अदबीने मान डोलावतो आणि विचारतो, “पण मेथड बरोबर आहे ना, सर? स्टेपचे मार्क मिळतील?”

मिळतात. त्यावरच तो फर्स्ट क्लासात पास होतो आणि एखाद्या विमा कंपनीत चिकटतो, जिथे जोखमींच्या बेरजा करणं हेच रोजचं काम. तेव्हा मंडळी, पॉलिसीवर सही करण्याआधी क्लेमची मर्यादा किती लिहिली आहे, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.