हाऊच शे!

जिभाऊ तुम्ही पाहिले असतील. नसतील, तर नंदुरबारच्या कुठल्याही गल्लीत सापडतील. नाव आप्पा असेल नाहीतर नाना, पण संशय हाच. आमचे जिभाऊ मिरचीचे व्यापारी. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की आल्यागेल्याला ठसका लागतो. जिभाऊ मात्र न शिंकता गोणीच्या पार तळाशी हात घालतात. वरची मिरची सगळेच चांगली लावतात, असं त्यांचं म्हणणं. माणसांच्या बाबतीतही तेच.

गुन्ह्यांच्या तपासाचं त्यांचं सगळं शिक्षण ‘सीआयडी’ मालिकेवर झालेलं. धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली, आणि ती मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली. जिल्ह्याच्या पदरात काय पडलं यावर वाद आहेत, जिभाऊंच्या पदरात काय पडलं यावर नाहीत. दया दार तोडणार, प्रद्युम्न हवेत पंजा फिरवणार आणि खुनी थोबाडीत खाऊन कबुली देणार, हा क्रम त्यांना पाठ.

अशा माणसापुढे पुतण्याने ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ लावला. सिडनी लुमेटचा, १९७४चा. गुप्तहेर पॉयरॉ रात्री मिशीला जाळी बांधून झोपतो हे पाहूनच जिभाऊंचा विश्वास उडाला. “हा काय दार तोडणार?”

गाडी बर्फात अडकली. “आपल्या डाबला थंडीत दव गोठतं, म्हणून एसटी थांबते का रे भो?” मग डब्यात प्रेत सापडलं, अंगावर चाकूचे बारा वार. जिभाऊंनी खुनाआधी हद्दीचा प्रश्न काढला. नवापूर स्टेशनात तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. तिथल्या बाकावर कोणी असा मरून पडला, तर पंचनामा मराठीत की गुजरातीत? चित्रपट थांबवून यावर बरीच चर्चा झाली.

जबान्या सुरू झाल्या आणि जिभाऊ खुलले. मालकाला रात्री झोपेचं औषध नेऊन देणारा नोकर आला. ‘हाच आहे’ म्हणायला जिभाऊंचे शब्द ठरलेले: “हाऊच शे!” शॉन कॉनरीचा कर्नल आला. “हाऊच शे! छाती बघ किती काढतो.” इंग्रिड बर्गमनला या कामासाठी ऑस्कर मिळालं, असं पुतण्याने भीत भीत सांगितलं. “मग तर अभिनयच करते ती. पक्की!” गाडीचा कंडक्टर तर दिसताक्षणीच दोषी ठरला. शेवटी वैतागून पुतण्या म्हणाला, “जिभाऊ, बरोबर निघेल त्या नावाचे शंभर रुपये माझ्याकडून.” तोही चित्रपट पहिल्यांदाच बघत होता, बिचारा.

गंमत म्हणजे चित्रपटातही एक जिभाऊ आहेत. बियांकी नावाचा रेल्वेचा संचालक प्रत्येक जबानी संपली की ‘हाच खुनी’ म्हणून मोकळा होतो. जिभाऊंना हा एकटाच माणूस शहाणा वाटला. त्याच्यावर त्यांनी संशय घेतला नाही. डॉक्टरवरही नाही, कारण “उद्या त्याच्याकडेच जावं लागतं.” बाकी त्या डब्यातला एकही प्रवासी सुटला नाही. म्हातारी राजकन्यासुद्धा.

“अहो, एक कोणीतरी ठरवा,” काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

“तळाशी हात घातल्यावर एक निघत नसतो,” जिभाऊ म्हणाले.

पॉयरॉने सगळ्यांना जेवणाच्या डब्यात गोळा केलं. तिथे कोणी दार तोडलं नाही. रहस्यपटाचा शेवट सांगणं पाप, म्हणून मी तो सांगत नाही. दिवे लागले तेव्हा जिभाऊंनी नुसता हात पुढे केला होता आणि पुतण्या पाकिटातल्या नोटा मोजत होता. त्याला पुरल्या नाहीत. उरलेले त्याने काकूंकडून उसने घेतले.