सासूबाईंनी कार्ड रिचार्ज केलं!

अहो, आहात का घरात? जरा इकडे या, भिंतीपाशी. हळू बोलते, समोरच्यांची खिडकी उघडीच आहे. ऐकलंत का, रविवारी समोरचं अख्खं बिऱ्हाड गेम झोनला जाऊन आलं म्हणे! आता 'म्हणे' काय, मी होतेच की बरोबर. गाडीत एक जागा उरली होती, त्यांची सून म्हणाली, "चला काकू." मी आपली कणीक झाकून ठेवली नि निघाले.

आपल्या इंदुरात कुठल्या मॉलचं ते विचारू नका. टीआय म्हणा, सी-ट्वेंटीवन म्हणा, मल्हार म्हणा, नाहीतर 2022 च्या डिसेंबरात बायपासवर उघडलेलं ते फिनिक्स म्हणा... मी नाव घेणार नाही. उगाच कुणाचा राग नको.

तर झालं असं, पुण्याहून त्यांच्या लेकीची मुलं आलेली. सकाळपासून एकच धोशा, "बोअर होतंय." आजोबा म्हणाले, मेघदूतला जाऊ, झूला जाऊ, वाघ बघू. मुलांनी वाघाचं नाव ऐकून जांभई दिली हो! मग आजोबांनी खिशातून एक कागद काढला. गावाबाहेर कुठेतरी पत्र्याची शेड आहे म्हणे, तिथे स्वस्तात दिवसभर खेळा. आजोबांचं तुम्हाला माहीतच आहे, मटार सोलले की दाणे मोजतात. पण सून तिथल्या तिथे म्हणाली, "बाबा, राजकोट विसरलात?"

सगळे गप्प झाले बघा. 25 मे 2024, सुट्टीतला शनिवार, तिथल्या टीआरपी गेम झोनमध्ये 99 रुपयांची स्कीम होती, म्हणून गर्दी लोटलेली. शेडमध्ये वेल्डिंग चालू, आगीची एनओसी नाही, आणि 27 जीव गेले. त्यात मुलं... जाऊ दे. आजोबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सुनेपुढे त्यांनी माघार घेतलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. मॉलमध्ये पोचल्यावर सुनेनं आधी बाहेर जायचे दरवाजे कुठे आहेत ते बघितलं, मग कार्डाच्या रांगेत उभी राहिली. हुशार आहे हो पोरगी, सासूबाई काही म्हणोत.

तर काय सांगत होते? हां, कार्ड. तिथे खेळांवर रोख चालतच नाही, आधी कार्डात भरायची. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "अंकल, पंद्रह सौ में अठारह सौ पॉइंट." आजोबा खूश! "बघितलंत, तीनशे फुकट." मी मनात म्हटलं, इथेच फसलात. कारण आत गेल्यावर रुपये कुठे दिसतच नाहीत, सगळीकडे नुसते पॉइंट. कुठे 85, कुठे 120, कुठे 95. शेवटी कार्डावर असा काही आकडा उरतो की एकही खेळ बसत नाही, आणि उरलेले परत मागायला गेलात तर "नॉन-रिफंडेबल, आंटी." मग काय करणार? अजून भरा!

आजोबांनी पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला. गाडीची शर्यत, 120 पॉइंट, म्हणजे शंभर रुपये, आणि तीन मिनिटांत गाडी बंद. "मिनिटाला तेहतीस रुपये! माझा वकीलसुद्धा इतके घेत नाही!" इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारी ढोल वाजवणारा मुलगा थांबला.

आणि तो टेडी उचलायचा पंजा! धाकटी नात काचेला नाक लावून उभी. पंजा खाली येतो, टेडीला धरतो, उचलतो आणि अगदी भोकाच्या तोंडाशी आला की सोडून देतो. नातीचा चेहरा असा पडला ना... मामानं पुन्हा कार्ड लावलं, पुन्हा तेच. आमचा पुतण्या मशिनी दुरुस्त करतो ना, तो म्हणतो, काकू, पंजा किती घट्ट धरायचा आणि किती वेळांनी एकदा धरायचा, हे मालकाला आतून सेट करता येतं. मी हे तिथेच सांगितलं. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण नात ऐकते थोडीच?

हे सगळं डोकं अमेरिकेतलं बरं का. माझी भाची तिकडे सॅन होजेला असते, तिनं सांगितलं. तो अटारी कंपनीवाला नोलन बुशनेल, त्यानं 1977 मध्ये तिथेच असलं पहिलं दुकान काढलं. तिथे खायला पिझ्झा का ठेवला, तर तो भाजायला वेळ लागतो! तेवढा वेळ बसून काय करणार? मुलं नाणी घेऊन मशीनकडे पळणार. म्हणजे बघा, आपल्या भुकेवर सुद्धा त्याचा डोळा. आपल्या सराफ्यात असं नाही. दिवसा सोनं, रात्री खाणं, पैसे दिले की दहीवडा हातात. त्या पंधराशेत घरभर माणसं गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी खाऊन वर घरी शिकंजी पार्सल नेतील.

तिकिटांचं ऐका. मुलांनी बेडकं ठोकली, चेंडू टाकले, कार्डावर म्हणे ढीगभर तिकिटं जमली. उड्या मारत बक्षिसाच्या काउंटरवर गेली. वरच्या फळीवर सायकल, हेडफोन, मिक्सर. मुलांनी सायकलकडे बोट दाखवलं. तो मुलगा बिचारा खालच्या फळीकडे वळला आणि एक पेन्सिल, एक खोडरबर, एक शिट्टी पुढे सरकवली. दोघांची तोंडं एवढीशी! आजोबा पेन्सिल हातात घेऊन म्हणाले, "ही जपून वापरा रे, पंधराशेची आहे." हसावं की रडावं कळेना. शिट्टीपायी काल दुपारी आपल्या सगळ्यांची झोप गेली, ते वेगळंच.

पण अहो, खरी गंमत पुढेच आहे. अजून जवळ या.

सासू-सुनेचं तुम्हाला ठाऊक आहेच. महालक्ष्म्यांच्या पुरणापासून... "आमच्याकडे एवढी साखर घालत नाहीत" असं चार बायकांसमोर म्हणाल्या ना त्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं मुलांमार्फत. "आजीला विचार, चहा घेणार का." तर कार्डावर पॉइंट उरले होते नि एअर हॉकीचं टेबल रिकामं होतं. नातू म्हणाला, "आजी, तू आणि मामी!" मामा लगेच फोन काढून बाजूला झाला, नेहमीसारखा.

त्या टेबलाला बारीक भोकं असतात, खालून हवा येते, चकती तरंगतच राहते. जोर लागत नाही, नुसतं मनगट हवं. आणि सासूबाईंचं मनगट! साठ वर्षं पोळ्या लाटल्यात त्यांनी. पण सुनेनं दया दाखवली नाही हो. खाट, खाट, खाट... सात-दोन! सासूबाईंचा पदर खांद्यावरून घसरलेला, कुंकू फिसकटलेलं. मी म्हटलं, झालं, आता दिवाळीपर्यंत अबोला.

तर त्यांनी काय करावं? सरळ काउंटरवर गेल्या, कमरेची पिशवी काढली, भाऊबीजेचे पाचशे मोजले आणि म्हणाल्या, "इसमें डाल दो." आजोबांचा चेहरा! अहो, मी फोटो काढायला हवा होता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, शब्द नाही.

दुसरा डाव सुरू झाला आणि भोवती ही गर्दी! "आंटी, आंटी" असा गजर. सासूबाई सात, सून सहा. आणि चकती आत गेल्याबरोबर दोघी टेबलावर हात टेकून अशा हसल्या, अशा हसल्या की मला आधी वाटलं कुणाला दम लागला.

आता सुनेनं शेवटचा सोडला की खरंच हरली? मी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं. सून म्हणते, "काकू, शपथ, जीव तोडून खेळले." सासूबाई म्हणतात, "सोडला तिनं. मला काय कळत नाही?" आणि हे सांगताना गालात हसत होत्या. येताना छप्पनवर थांबलो तर दोघी एकाच प्लेटमधून खोपरा पॅटीस खाताना पाहिल्या मी.

म्हणून मला विचाराल तर मुलांसाठी पैसे वाया. त्यांना काय, वाळूचा ढीग दिला तरी पुरतो. पंजाकडे तर फिरकूच नका, आणि किती भरायचे ते घरूनच ठरवून जा, तिथल्या गोड हसण्यावर जाऊ नका. पण ते दोघांनी समोरासमोर खेळायचं टेबल आहे ना, ते मात्र... आजोबा अजून मिनिटाला तेहतीस धरून बसलेत. पण त्यांच्या हिशोबात तो दुसरा डाव लिहिलेलाच नाही, मी पावती पाहिली ना!

आणि एक सांगते, पण कुणाला बोलू नका हं. ते कार्ड आता सासूबाईंच्या पिशवीत आहे. बुधवारी तिथे डबल पॉइंट असतात. घरी सांगणार भजनी मंडळाला जाते म्हणून, आणि मला घेऊन प्रॅक्टिसला चालल्यात. सुनेला कळता कामा नये, असं बजावलंय. दुपारी चारला रिक्षा सांगितलीय. तिसरी जागा रिकामी आहे, येताय का?