सावल्यांचे फोटो : तंत्र आणि पथ्ये

मावळत्या सूर्यासमोरच्या माणसाचा फोटो काढला, की त्याची नुसती काळी आकृती उमटते. तिला सिल्युएट म्हणतात. हे नाव पडले फ्रान्सचे अर्थमंत्री एत्येन द सिल्युएट यांच्यावरून. १७५९ साली आठेक महिने मंत्रिपदावर असताना त्यांनी श्रीमंतांवर कर बसवले. चिडलेल्या लोकांनी स्वस्तातल्या वस्तूंना त्यांचे नाव चिकटवले. काळ्या कागदातून कापलेली चित्रे तैलचित्रांहून स्वस्त पडत, म्हणून तीही सिल्युएट झाली. मंत्रिपद गेले, काळी बाजू तेवढी अमर झाली.

मुंबईत या कलेला मरीन ड्राइव्ह सोयीचा. समोर समुद्र, त्यावर मावळता सूर्य आणि मध्ये कट्टा. आकाश आणि माणूस यांच्या उजेडातला फरक कॅमेऱ्याला एकाच वेळी पेलत नाही. उजेड आकाशावरून मोजला, की माणसे काळी पडतात. आकृती बाजूने टिपावी, म्हणजे नाक, पोट आणि पिशवी वेगवेगळी कळतात. दोन आकृत्यांत फट हवी. नाही तर बिलगून बसलेले जोडपे दोन डोक्यांचा एकच प्राणी होते आणि शेंगदाणेवाल्याची टोपली शेजारच्या काकांच्या डोक्यावर बसते. क्षितिजाला टेकलेला सूर्य दोन-अडीच मिनिटांत बुडतो. चर्चगेटचा रस्ता विचारणारे गृहस्थ नेमके तेव्हाच येतात.

सावल्यांसाठी समुद्राकडे पाठ करावी. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली माणसाएवढी असते, २७ अंशांच्या आसपास दुप्पट. घरात ज्याला कोणी विचारत नाही, त्याचीही सावली संध्याकाळी अर्धा फूटपाथ अडवते. उलट मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस मुंबईत 'शून्य सावली दिवस' येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा छायाचित्रकाराने जेवून घ्यावे. जुलैतला मुहूर्त बहुधा ढगच गिळतात.

काळ्या आकृतीत चेहरा नसल्याने अनोळखी माणूस अनोळखीच राहतो. तरीही "काय काढताय?" हा प्रश्न येतोच. "तुमची सावली" हे उत्तर खरे असले तरी देऊ नये; भांडण वाढते. सरळ फोटो दाखवावा. पाहणारा आधी "चेहराच आला नाही" म्हणून हिरमुसतो, मग पोटाची रेषा पाहून "हा मी नव्हे" म्हणत निघून जातो.

या प्रकारातला नेहमीचा दोष म्हणजे सूर्य पाठीशी घेतला, की छायाचित्रकाराचीच सावली चौकटीत शिरते : वाकलेली मान, बाहेर आलेली कोपरे, हातात मोबाइल. अनोळखी माणसांच्या साऱ्या संग्रहात ओळखू येतो तो एवढा एकच.