एक भिंत फ्रांकोसाठी

विश्वचषक आला की आपल्या गल्ल्यांना ब्राझील आणि अर्जेंटिनाचे रंग चढतात. 2022 साली केरळातल्या पुल्लावूरच्या नदीपात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे 30, 40 आणि 50 फुटी कटआउट उभे राहिले. पोरांनी हौसेने केलं, छान केलं. खेळावर जीव लावणाऱ्याला पासपोर्ट कोणी विचारू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. 4 सप्टेंबर 1962 या दिवसाचं चित्र आपल्या एकाही भिंतीवर माझ्या पाहण्यात नाही. त्या दिवशी जाकार्तात भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. याच कोरियाने पहिल्या सामन्यात आपल्याला 2-0 असं लोळवलं होतं. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेतून वगळल्याबद्दल आपले क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी स्पष्ट बोलले होते, म्हणून अख्खं स्टेडियम भारतावर खवळलेलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैल सिंगचा. जर्नैल मूळचा बचावपटू. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले, तर प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला पाठवलं. पठ्ठ्याने उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केला! चित्रकाराला याहून काय हवं? खुद्द रहीमसाहेब कर्करोगाने पुढच्याच वर्षी गेले.

त्या अंतिम सामन्यात मधल्या फळीत आपला माणूस होता. फोर्तुनातो फ्रांको. जन्म गोव्यातल्या कोलवाळचा, फुटबॉल मुंबईत टाटांच्या संघाकडून. मे 2021 मध्ये ते वारले. त्याच वर्षी डिसेंबरात कळंगुटला रोनाल्डोचा 410 किलोंचा पितळी पुतळा बसला, तरुणांना स्फूर्ती मिळावी म्हणून. तो पोर्तुगालचा, म्हणून लोकांनी काळे झेंडे दाखवले. मला रोनाल्डोचं वावडं नाही. पण स्फूर्तीच हवी होती, तर सुवर्णपदक गळ्यात घालून आलेला माणूस गोव्याचाच होता.

भिंती नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. मुंबईत वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके 120 फूट उंच रंगवलेत. जाणारा-येणारा मान वर करून बघतो, पोरं विचारतात हे आजोबा कोण, आणि कोणीतरी सांगतं. रंगवलेल्या भिंतीचं काम तेवढंच असतं, आणि ते पाठ्यपुस्तकाला जमत नाही. रहीमसाहेबांवरचा 'मैदान' नावाचा सिनेमा 2024 मध्ये येऊन गेला, त्याची पोस्टरं उतरलीसुद्धा.

1962 नंतर आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. कोलवाळच्या पंचायतीने एक भिंत द्यावी, मुंबईतल्या एखाद्या मैदानाने दुसरी. ब्रश चालवणारी पोरं दोन्हीकडे आहेत. पुढच्या विश्वचषकाआधी रंग लावा, आणि फ्रांकोंचं नाव खाली ठळक लिहा.